एक, दोन, दोन्ही, बंद

मंगळवार, ४

माझं आयुष्य आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बदललं. वेळ मला नक्की ठाऊक आहे, कारण सात-दहाची लाँच सुटायची होती आणि ती सुटली नाही. तिने चावी फिरवली, इंजिन 'टक्' म्हणालं आणि गप्प बसलं. पुन्हा चावी, पुन्हा 'टक्'. मग तेही नाही.

तिने म्हणजे कप्तानिणीने. अख्खा धक्का तिला याच नावाने ओळखतो. कागदोपत्री लाँच तिच्या वडिलांची आणि परवानाही त्यांचाच. पण त्यांची नजर अधू झाल्यापासून ते बाजूच्या बाकावर बसतात आणि सुकाणू ती धरते. मी गेला दीड महिना मामाकडे राहतो आणि रोज या लाँचने पलीकडे जातो, कारण मामाची बोटदुरुस्तीची शेड पलीकडच्या काठाला आहे आणि मामा स्वतः पहाटेच आपल्या बोटीने निघून जातो. दीड महिन्यात मी तिच्याशी एकच शब्द बोललो आहे: "एक." म्हणजे एक तिकीट. पहिल्या दिवशी तोही घशात अडकला म्हणून दोनदा म्हणालो, तर तिने दोन तिकिटं फाडली. मी दोन्ही घेतली. कोण वाद घालणार.

आज मात्र पंचवीस उतारूंच्या डोक्यांवरून माझं तोंड आपोआप सुटलं. "रात्रभर स्विच 'दोन्ही'वर राहिला असणार! दोन्ही बॅटऱ्या बसल्यात!"

सगळी लाँच मागे वळून बघायला लागली.

"कोण बोललं ते?" ती म्हणाली. "पुढे या."

पुढे जाताना मी एका नर्सबाईंच्या डब्यावर पाय दिला आणि कुणाच्या तरी छत्रीत अडकलो, पण पोचलो. सुकाणूच्या खाली लाल गोल स्विच होता. त्याला चार जागा: एक, दोन, दोन्ही, बंद. खूण 'दोन्ही'वर. मी बरोबर होतो! असे प्रसंग माझ्या वाट्याला फार येत नाहीत, त्यामुळे मला आवरलं नाही. मी तिला (आणि उतारूंना, आणि धक्क्यावरच्या कुत्र्याला) समजावून सांगितलं की बॅटऱ्या दोन कशासाठी असतात. एक इंजिन सुरू करायला, दुसरी दिव्यांना आणि रेडिओला. 'दोन्ही'वर ठेवून एक दिवा जरी रात्रभर राहिला, तरी तो दोघींचं रक्त पितो आणि सकाळी इंजिनाला धक्का द्यायला कुणी उरत नाही. "या स्विचमागची मूळ कल्पनाच अशी आहे की..."

"बॅटरी आहे का तुमच्याकडे?" तिने विचारलं.

"नाही."

"मग?"

मग मामाला फोन केला. मामा आपल्या छोट्या बोटीतून बॅटरी घेऊन आला, जाड वायरींचे चिमटे लावले आणि इंजिन सुरू झालं. तोवर साडेआठ वाजले होते. 

उतरताना ती मला म्हणाली, "केबिनचा दिवा. काल मीच विसरले." तिच्या आवाजात विश्वास होता. मामाच्या मते वैताग होता. मामाला बायकांच्या आवाजातलं काही कळत नाही.

या दिवसाची नोंद व्हायलाच हवी म्हणून ही वही काढली. वही कॉलेजातल्या प्रॅक्टिकलची आहे. पहिली अकरा पानं प्रयोगांची. पुढचे प्रयोग झाले नाहीत.

बुधवार, ५

कालच्या उतारूंत बंदर कचेरीतले, बोटी तपासणारे सर्व्हेअरसाहेब होते. छत्री त्यांची होती.

आज तिच्या हातात नोटीस पडली. ती नोटीस घेऊन शेडमध्ये आली आणि मामासमोर ठेवली. मी कोपऱ्यात एक नट पुसत होतो. तोच नट मी पाऊण तास पुसला.

प्रकरण असं आहे: तिच्या वडिलांचा परवाना या महिन्याच्या एकवीस तारखेला संपतो. त्यांच्या डोळ्यांमुळे तो पुढे मिळणार नाही. तिने स्वतःच्या नावाने अर्ज केलाय. एकवीसला तिची तोंडी परीक्षा, आणि त्याआधी लाँचची विजेची जोडणी नव्याने करून दाखवायची. परवाना मिळाला तर लाँच तिची. नाही मिळाला तर फेऱ्या दुसऱ्याकडे जाणार आणि लाँच धक्क्याला बांधून ठेवायची, शोभेला.

"स्विच बदलायचा," मामा म्हणाला. "दोन दिवसांचं काम. पण माझ्याकडे दोन मोठ्या बोटी वर काढून ठेवल्यात."

"मी करतो," मी म्हणालो.

दोघांनी कोपऱ्याकडे बघितलं. नट चकाकत होता.

"हा?" ती म्हणाली.

"भाचा आहे. विजेचं शिकत होता," मामा म्हणाला. त्या 'होता'वर त्याने जो जोर दिला तो मी नोंदवून ठेवतो.

"पूर्ण केलं?"

"अडीच वर्षं," मी ताठ होऊन सांगितलं. जणू काही ती मला शिक्षा सुनावली होती आणि मी ती भोगून आलो होतो.

तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "करू दे त्याला. पण मी शेजारी बसणार."

मी शेजारी बसणार! हे वाक्य मी वर लिहिलंच आहे, तरी पुन्हा लिहितो. मी शेजारी बसणार.

शुक्रवार, ७

आज स्विच निवडले. मामाच्या टेबलावर दुकानाची यादी उघडली. एका बाजूला मी, एका बाजूला ती, मध्ये तिचे वडील. त्यांना यादी दिसत नाही, पण ते अगदी मध्येच बसले.

मामाचं म्हणणं साधं: पहिल्यासारखाच चार जागांचा नवा आणा, लोकांना सवय आहे. मी म्हणालो, सवयीनेच तर लाँच धक्क्याला अडकली. दोन वेगवेगळे स्विच घ्यायचे. एक इंजिनाच्या बॅटरीचा, एक दिव्यांच्या बॅटरीचा. दोघींचा संसार वेगळा. मध्ये एक रिले बसवायचा. इंजिन चालू असेल तेव्हा तो आपोआप दोघींना चार्ज करेल आणि इंजिन थांबलं की दोघींना वेगळं करेल. आणि अडीनडीला दोघींना जोडायला एक तिसरा स्विच, एरवी झाकलेला. माणसाला लक्षात ठेवायला काही शिल्लकच ठेवायचं नाही!

"माणूस विसरतो म्हणून?" तिने विचारलं.

"म्हणजे... सर्वसाधारण माणूस," मी म्हणालो आणि कानापर्यंत लाल झालो.

मामाने हनुवटी खाजवली आणि म्हणाला, "कल्पना बरी आहे." मामाकडून 'बरी' म्हणजे दुसऱ्याकडून फुलांचा हार.

मग मी यादीतला सगळ्यात मोठा स्विच दाखवला. चकचकीत, काढून घेता येणाऱ्या चावीचा, आमच्या इंजिनाला लागेल त्याच्या तिप्पट करंट झेलणारा. मला तो पाहताक्षणी आवडला. मला गोष्टी पाहताक्षणीच आवडतात, तो माझा दोष आहे.

"ही चावी पाण्यात पडली तर?" ती म्हणाली.

"दुसरी करायची."

"समुद्रात असताना?"

मी यादीचं पान उलटलं.

"हातमोजे घालून फिरवता येईल असा बघा," ती म्हणाली. "आणि डोळे मिटून हात लावला तरी चालू आहे की बंद ते कळलं पाहिजे. पान्ह्यासारखी मूठ असलेला नाहीये का?"

होता. साधा, काळा, रुंद मुठीचा. करंट मोजून घेतला: इंजिन सुरू होताना लागतो त्याच्यापेक्षा वरचा, पुरेसा. तोच ठरला. डोळे मिटून हात लावायचं तिला का सुचलं, ते मी तेव्हा विचारलं नाही. आत्ता लिहिताना तिचे वडील आठवले. ते टेबलावरचा जुना स्विच सारखा बोटांनी चाचपत होते.

पण एकूण निवड माझीच म्हणायला हरकत नाही.

रविवार, ९

सुट्टी. लाँच नाही, म्हणजे ती नाही. मामीने विचारलं, "कॉलेज नक्की का सोडलंस रे? तुझी आई सांगते ते एक, तू सांगतोस ते एक."

मी तत्त्वासाठी सोडलं. प्रयोगशाळेत नियम होता की जोडणी झाली की दुसऱ्या कुणीतरी तपासल्याशिवाय वीज सोडायची नाही. मी म्हणालो, ज्याला स्वतःची जोडणी स्वतःला कळते त्याने दुसऱ्याची वाट का बघायची? आणि सोडली. सरांनी मला सगळ्यांसमोर बाहेर काढलं. मी म्हणालो, बाहेर काढताय तर कायमचाच जातो. आणि गेलो.

"आणि जोडणी बरोबर होती का?" मामीने विचारलं.

हा प्रश्न इतक्या दिवसांत मला कुणीच विचारला नव्हता. मीटर जळला होता, पण तो मुद्दाच नाही.

मंगळवार, ११

कामाला सुरुवात. दुपारी एक ते चार लाँच उभी असते. सकाळी मी शर्टाला इस्त्री करत होतो तर मामी म्हणाली, "बोटीच्या तळात उताणं पडायला इस्त्री? कोण बघणारे, मासे?"

तीन तासांत कप्तानिणीने मला एकोणीस प्रश्न विचारले. मी मोजले. ही वायर इतकी जाड का? फ्यूज बॅटरीपाशीच का, लांब का नाही? इंजिन चालू असताना स्विच बंद केला तर? (अल्टरनेटर वीज तयार करत राहतो, तिला जायला वाट नसते, तो आतून जळतो. हे सांगताना माझा आवाज थोडा भरून आला, कारण माझी अवस्था साधारण तीच आहे.) ती माझं प्रत्येक उत्तर एका छोट्या वहीत लिहून घेते. माझे शब्द! तिच्या अक्षरात! इतकं कान देऊन माझं आजवर कुणी ऐकलेलं नाही.

स्विच कुठे बसवायचे यावर थोडं वाजलं. मी बाकाखाली, फळीमागे, दिसणारही नाही असे सुबक बसवणार होतो. ती म्हणाली, "आग लागली तर मी बाक उचलत बसू? दाराशी बसवा. बाहेरून हात घालता आला पाहिजे." मी सौंदर्यदृष्टीवर बोलायला लागलो. दहा मिनिटं बोललो असेन. तेव्हा ती म्हणाली, "तू जरा गप्प बसशील का?"

तू!

आठवडाभर 'तुम्ही, तुम्ही' चाललं होतं. आज तू. स्विच दाराशी बसवले.

गुरुवार, १३

आज जुना पसारा काढला. वीस वर्षांत ज्याला जे सुचलं ते त्याने जोडलेलं. मामाची पद्धत अशी की एकेक वायर चिमटीत धरायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हात सरकवत जायचं. वायर कुठून येते आणि कुठे जाते ते बोटांना कळल्याशिवाय कापायची नाही. तासन्‌तास. मी त्यापेक्षा कागदावर नवा नकाशा काढला आणि नकाशात जे नाही ते बोटीत नको असं ठरवलं. विज्ञान पुढे जातं ते असंच.

सगळ्यात घाणेरडी एक लाल वायर होती. चिकट टेप गुंडाळलेली, मध्ये गाठ, फ्यूज नाही, आणि स्विचला सरळ बगल देऊन थेट बॅटरीला जोडलेली. म्हणजे स्विच बंद केला तरी ही आपली चालूच! एवढी बेशिस्त मी खपवून घेणार नव्हतो. कापली, आणि तळाकडे गेलेल्या तिच्या टोकाला नवी वायर जोडून ती शिस्तीत स्विचच्या मागून आणली, बाकीच्यांच्या रांगेत.

"ती का काढली?" तिने विचारलं.

"बगल देऊन जात होती. धोका असतो."

"बाबा म्हणाले होते, लाल वायरीला हात लावू नका."

"काकांच्या वेळी स्विचवर भरवसा नव्हता. आता काळ वेगळा आहे."

तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. ते मला उलटं दिसलं, पण प्रश्नचिन्ह उलटंही ओळखू येतं. मी हसून म्हणालो, "विश्वास ठेव." (मीही 'तू'वर आलोय. तिने भुवया उंचावल्या, पण अडवलं नाही.)

शनिवार, १५

संपलं! शेवटच्या फेरीनंतर मी तिला दोन्ही मुठी फिरवायला लावल्या. इंजिन पहिल्या हाकेला उठलं. मामा संध्याकाळी घाईत येऊन गेला. स्विच फिरवून बघितले, दिवे बघितले, माझ्या नकाशावर आणि कचेरीच्या कागदावर सही केली. "बॅटऱ्यांपर्यंत हात घालून बघितलंस ना सगळं?" त्याने विचारलं. "हो," मी म्हणालो. नकाशावर बघितलं होतं.

तिला मी शेवटचा धडा दिला: "घरी जाताना दोन्ही बंद. सगळं मेलेलं. मग काहीही विसर, सकाळी इंजिन सुरू होणार म्हणजे होणार."

तिने दोन्ही मुठी आडव्या केल्या. लाँच पूर्ण अंधारली. किती छान शांत वाटलं. तळात कुठेतरी एक पंप अधूनमधून गुरगुरायचा, तोही गप्प.

ती म्हणाली, "थँक्यू." मी उत्तरादाखल काय म्हणालो ते लिहीत नाही. मी "एक" म्हणालो.

सोमवार, १७

लाँच बुडाली नाही. हे आधी लिहितो, कारण सकाळी धक्क्यावर जो येत होता तो "बुडाली, बुडाली" करत होता. ती फक्त खूप खाली बसली होती, जेवण जास्त झालेल्या माणसासारखी. आत फळ्या तरंगत होत्या. पाणी इंजिनाच्या अर्ध्यापर्यंत चढलेलं. स्टार्टर पाण्यात.

सात-दहा रद्द. दिवसभराच्या सगळ्या फेऱ्या रद्द. नर्सबाई पलीकडच्या दवाखान्यात दुपारी पोचल्या, कुणाच्या तरी होडीतून.

लाकडी बोटीत पाणी झिरपतंच. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथून थेंब थेंब येत राहतं. त्यासाठी तळाला पंप असतो आणि पाणी वाढलं की तो आपोआप सुरू होतो. शनिवारी संध्याकाळपासून तो सुरूच झाला नाही.

सर्व्हेअरसाहेब आले. त्यांनी तिला विचारलं, "शनिवारी स्विच कुणी बंद केले?"

"मी," ती म्हणाली.

"दोन्ही?"

"दोन्ही."

त्यांनी रजिस्टर उघडून धक्क्यावरच लिहिलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं: चालकाचा निष्काळजीपणा. मामा म्हणाला, ही नोंद पुसली गेली नाही तर एकवीसला परीक्षेला बसू देतील, पण परवाना देणार नाहीत. वर्षभर तरी नाही.

मी दिवसभर संतापलेला होतो. आधी पंपावर. मग पंप बनवणाऱ्यांवर. मग सर्व्हेअरवर, त्यांना छत्रीचा राग आहे हे उघड आहे. दुपारी तिच्या वडिलांना म्हणालो, "तुमचा पंपच जुनाट असणार." ते पाणी उपसत होते, बादलीने, अंदाजाने. थांबले आणि म्हणाले, "लाल वायर सोडवलीस की कापलीस?"

"कापली. त्याचा काय संबंध?"

ते पुन्हा उपसायला लागले. ती दुसऱ्या बादलीने उपसत होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती थकली असावी.

मंगळवार, १८

मामा सकाळी मला लाँचवर घेऊन गेला. पाणी निघालं होतं. त्याने मला तळात उतरवलं, पंपाची वायर माझ्या चिमटीत दिली आणि म्हणाला, "चल."

"मामा, मला माहितीये ती कुठे जाते."

"मग बोटांना सांग."

मी निघालो. गुडघ्यांवर. पंपापासून बाकाखालून, इंजिनाला वळसा घालून, दारापर्यंत. ओल्या लाकडावर गुडघे सोलले. इंजिनापासून पुढे वायर कोरी, नवी, माझ्याच हातची, दर वितीला क्लिपने बांधलेली. मला अजूनही ती सुंदर वाटत होती. ती दाराशी आली, वर चढली आणि स्विचच्या मागे गेली. स्विचच्या त्या बाजूला, जी मूठ आडवी केली की मरते.

मी मूठ आडवी केली, उभी केली, पुन्हा आडवी केली.

ती घाणेरडी लाल वायर पंपाची होती. स्विचला बगल देऊन जात होती, कारण तिने तसंच जायचं असतं. माणूस सगळं बंद करून घरी गेला तरी एकाने जागं राहायचं असतं. वीस वर्षं ती जागी होती. मी तिला शिस्त लावली. आणि मग ज्या मुलीवर माझं प्रेम आहे तिला, शहाण्यासारखा हसून, स्वतःची लाँच बुडवायला शिकवलं. तिने विचारलं होतं. "का काढली?" असं स्पष्ट विचारलं होतं. प्रश्नचिन्हसुद्धा काढलं होतं.

"फ्यूज नव्हता तिला," मी म्हणालो. का म्हणालो देव जाणे.

"फ्यूज लावायचा होता," मामा म्हणाला. "एक फ्यूज. तेवढंच काम होतं तिथे."

मग तो बाकावर बसला आणि स्वतःच्या सहीचा कागद खिशातून काढून उलगडून बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याशी मला भांडता येतं.

बुधवार, १९

तिच्या घरी गेलो. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत टेबलावर तिच्या वह्या. तिने दार उघडलं, बस म्हणाली नाही. मी पाठ करून आलो होतो. चूक माझी, मी कसा आंधळा झालो, मला झोप नाही, तू मला क्षमा केली नाहीस तर मी...

"थांब," ती म्हणाली. "तुझी झोप माझ्या उपयोगाची नाही. माफी पण नको. मला कागद हवाय."

"कसला कागद?"

"पंप स्विचमागे कुणी नेला, ते तुझ्या अक्षरात. सर्व्हेअरसमोर."

"ते मी देणारच होतो!" मी उसळून म्हणालो. (देणार नव्हतो. सुचलंच नव्हतं. मला फक्त क्षमेचं सुचलं होतं.) "पण तू निदान एवढं तरी म्हण की..."

"काय म्हणू? एवढी चौकशी केली, एवढं लिहून घेतलं, आणि मला जिथे शंका आली तिथे मी तुझं ऐकलं. मला तुझा राग आहेच. माझा जास्त आहे."

टेबलावरची वही उघडी होती. माझी उत्तरं ओळीने. वर मथळा: तोंडी परीक्षा, वीज. एकोणीस प्रश्नांचं गूढ उलगडलं. ती अभ्यास करत होती. मी पाठ्यपुस्तक होतो, आणि तेही चुकीचं छापलेलं.

आतून तिचे वडील म्हणाले, "चहा घेतोस का?"

मी नाही म्हणालो आणि बाहेर आल्यावर रस्त्यातल्या एका डब्याला लाथ मारली. डबा भरलेला होता. अंगठा सुजलाय.

गुरुवार, २०

पंप पुन्हा थेट बॅटरीला, बॅटरीपाशी फ्यूज. जोडलं तिने. मी दिवा धरला. वीज सोडायच्या आधी तिने मामाला बोलावलं, मामाने वायर चिमटीत धरून टोकापासून टोकापर्यंत हात फिरवला. मग तिच्या वडिलांनीही फिरवला. मग तिने दोन्ही मुठी आडव्या केल्या, सगळं बंद केलं आणि तळात बादलीभर पाणी ओतलं. पंप गुरगुरला. चौघंही ऐकत उभे राहिलो.

मला कुणी काही विचारलं नाही. मीही काही समजावून सांगितलं नाही. हे पहिल्यांदाच घडत असावं.

मामाला म्हणालो, कागदात तुझं नाव घालत नाही. तो म्हणाला, "सही माझी आहे. न बघता केलेली. तेही लिही."

शुक्रवार, २१

बंदर कचेरी म्हणजे एक लांबोडी खोली. कपाटं, रजिस्टरं, गरगरणारा पंखा आणि खिडकीतून सगळा धक्का. तिची परीक्षा अकराला होती. मी साडेदहाला कागद दिला.

सर्व्हेअरसाहेबांनी तो दोनदा वाचला. "म्हणजे पंप तुम्ही स्विचमागे नेलात."

"हो."

"चालकाने हरकत घेतली होती?"

"विचारलं होतं. मी हसण्यावारी नेलं."

"तुमची पात्रता?"

"अडीच वर्षं," सवयीने तोंडातून गेलं.

"म्हणजे नाही."

"नाही."

त्यांनी सोमवारची नोंद लाल शाईने छेदली. त्याखाली नवी लिहिली आणि मला वाचून दाखवली: दोष जोडणी करणाऱ्या अपात्र व्यक्तीचा, चालकाचा नाही. शेडला लेखी ताकीद. सदर व्यक्तीने पात्रतेचा दाखला मिळेपर्यंत बंदरातल्या कुठल्याही बोटीच्या विजेला हात लावू नये.

'सदर व्यक्ती' म्हणजे मी. हात लावू नये म्हणजे मला शेड बंद, सात-दहा बंद. एरवी मी टेबलावर मूठ आपटली असती. मूठ वळलीही होती. पण सही करायला ती उघडावी लागली.

"कॉलेज पुन्हा घेतं का हो, मधेच सोडलेल्याला?" मी विचारलं. त्यांनाच का विचारलं कुणास ठाऊक.

"मला काय विचारता? तिथे जाऊन विचारा," ते म्हणाले. "बसा बाजूला, या नोंदीची नक्कल तुम्हाला मिळेपर्यंत."

अकराला ती आली. केस घट्ट बांधलेले, वही नाही. मी कपाटाजवळच्या स्टुलावर होतो. तिने मला बघितलं, छेदलेली नोंद बघितली, आणि साहेबांसमोर बसली. प्रश्न सुरू झाले. खुणांचे दिवे, भरती-ओहोटी, धुकं. ती थांबत थांबत, पण सरळ उत्तरं देत होती. मी ओठ दातांखाली धरून बसलो होतो. दोनदा मी पुढे वाकलो आणि दोनदा स्टूल करकरलं.

मग त्यांनी विचारलं, "भर पाण्यात आहात. इंजिनाच्या खणातून धूर येतोय, वायर जळाल्याचा वास. पहिला हात कुठे?"

ती गप्प.

अरे, हे तर मला येतं! इंजिन थांबवायचं, मग दोन्ही स्विच बंद, त्याच क्रमाने, उलट केलंस तर अल्टरनेटर जाईल. सगळं जिभेवर तयार होतं. पंखा गरगरत होता. ती समोर बघत होती. साहेबांनी पेन टेकवलं, पुन्हा उचललं. माझं तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, मला दातांना वारा लागला.

तेवढ्यात तिनेच उलट विचारलं, "उतारू किती आहेत?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "चोवीस. त्यात दोन लहान."

"लहान मुलं कुठे बसलीत? धूर कुठल्या बाजूने येतोय?"

माझ्या उत्तरात एकही माणूस नव्हता. इंजिन होतं, स्विच होते, करंट होता. लाँच रिकामी होती.

ती सांगायला लागली, माणसांपासून. आवाज आधी बारीक, मग सुकाणूवर असतो तसा. मी तिथे बसून राहिलो असतो तर कुठेतरी 'बरोबर' म्हणालो असतो, किंवा 'पण'. स्वतःला मी आता थोडा ओळखतो.

स्टूल आवाज न करता मागे सरकवलं, नक्कल तिथेच राहू दिली, अंगठ्यावर जोर न देता चालत बाहेर आलो, आणि दार लावून घेतलं.